खालच्या शाळेच्या कांबळे बाई

शाळा बघायची तर ती सुटताना बघावी, असं कांबळे बाई म्हणायच्या. भरताना काय, सगळ्याच शाळा चांगल्या दिसतात. पोरांचे भांग पाडलेले असतात, मास्तरांच्या शर्टाची इस्त्री मोडलेली नसते, प्रार्थनेला सगळे हात जोडून उभे.

"साडेपाचला फाटकात हुबं ऱ्हायचं," त्या सांगायच्या. "पोरं कशी भाईर पडत्यात ते बघायचं. आणि सगळ्यात शेवटी कोण येतंय त्येच्या तोंडाकडं बघायचं. त्येचं तोंड बघितलं की शाळा कळली. दुसरं कायबी विचारायला नको."

मी लग्न होऊन नाशिकहून कोल्हापुरात आले आणि महापालिकेच्या शाळेत लागले, ती त्यांच्या हाताखाली. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "नाशिकची व्हय? मग हळू बोलत असशील. हितं चालायचं न्हाय. पोरांच्या आया भांडायला आल्या की त्यांच्यापेक्षा मोठ्यांदा बोलायला लागतंय. शिकशील." आणि लगेच, "डबा खाल्लास का? मी आत्ता खातो, ये." बायकांच्या तोंडी 'मी खातो, मी जातो' ऐकून मला हसू फुटायचं. वर्गात पाय टाकला की मात्र बाई 'मी सांगते, मी लिहिते' असं पुस्तकासारखं बोलायच्या. वर्गाच्या उंबऱ्यात त्यांची भाषा चप्पल काढल्यासारखी बदलायची.

आमची ती खालची शाळा. पाटीवर नाव होतं, नंबर होता, पण तिला सगळे खालचीच म्हणायचे, कारण रस्ता नदीकडे उतरायला लागला की उतारावर ती होती. आणि चढावर, हाकेच्या अंतरावर म्हणावी इतकी जवळ, वरची शाळा. दोन्ही एकाच महापालिकेच्या, दोन्हीकडे चौथीपर्यंतच वर्ग, खडूसुद्धा एकाच गोदामातून यायचे. पण वरच्या शाळेच्या व्हरांड्यात स्कॉलरशिपला आलेल्या पोरांच्या नावांचा फळा होता, सोनेरी रंगानं रंगवलेला. जूनमध्ये तिथं आईबापांची रांग लागायची. आमच्याकडं पत्रे होते, पावसात ते इतके वाजायचे की शिकवणं बंद ठेवून गाणी म्हणायला लागायची.

बाईंना कोल्हापुरातल्या झाडून सगळ्या महापालिकेच्या शाळा पाठ होत्या. कशा? तर निवडणुकीची ड्यूटी, पोलिओचा डोस, खानेसुमारी, असं कुठलंही काम लागलं की आम्ही कपाळाला हात लावायचो आणि बाई खूश व्हायच्या. दुसऱ्यांची शाळा बघायला मिळते ना! गेल्या गेल्या आधी मुतारी बघायच्या. मग पाण्याची टाकी. मग कुठलंतरी पोर गाठून, "बाळ, तुझ्या बाकावर कोण कोण बसतंय रं?" असल्या गप्पा. सगळं डोक्यात. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत संध्याकाळ झाली की त्यांच्या कट्ट्यावर माणसं जमायची. घर म्हणजे शाळेच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाचा फोटो, दारात तुळशीच्या ठिकाणी कोरफड. फौंड्रीत काम करणारे, भाजी विकणाऱ्या, रिक्षावाले, कुणाची तरी नणंद, सगळ्यांचा एकच प्रश्न. पोराला कुठल्या शाळेत घालू?

बाई आधी पोराला समोर बसवायच्या. त्याच्याशी बोलायच्या. मग निकाल.

"त्या तलावाकडच्या शाळेत गणित झकास शिकवत्यात, पर हेडमास्तर तापट हाय. तुमचं पोरगं भित्रं. नको तितं." किंवा, "ती शाळा बरी हाय वो, पर पोरींच्या मुतारीला दार न्हाय. पोरगी दिवसभर पाणी न पिता बसंल. दार बसवू द्या, मग घाला." एका आजोबांनी विचारलं, तुमच्या शाळेत घातला तर? बाई म्हणाल्या, "तुमचा नातू तल्लख हाय. आमच्याकडं त्येला पुढं घिऊन जाणारं कुणी न्हाय. वरच्या शाळेत घाला."

मी शेजारी बसले होते. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. आजोबा उठून गेल्यावर म्हटलं, "अहो बाई, आपण दुपारभर उन्हात पट गोळा करत फिरलो ना!" पट म्हणजे शाळेतली पोरांची संख्या. पट टिकला तर वर्ग टिकणार, वर्ग टिकला तर मास्तर टिकणार, नाही तर बदली. म्हणून मे महिन्यात सगळ्या शाळांचे मास्तर दारोदार हिंडायचे, तुमचं पोर आमच्याकडं घाला म्हणून. वरच्या शाळेचेही यायचे, आमच्याच गल्लीत. आणि आमच्या हेडबाई कट्ट्यावर बसून आमचीच पोरं त्यांच्या पदरात घालत होत्या!

"मग काय खोटं सांगू?" बाई म्हणाल्या. "माणूस विश्वासानं विचारतोय की."

"आपल्या शाळेत काहीच चांगलं नाही का?"

"हाय की. आपल्याकडं जे पोरगं मागं पडलंय, ज्येला कुणी वाचायला शिकवू शकलं न्हाय, त्येला वाचायला येतंय. वरच्या शाळेला ते जमत न्हाय. त्यास्नी हुशार पोरं जमत्यात. ज्येला जे जमतंय ते त्येनं करावं. दोन शाळा म्हंजे काय दोन तालमी हाईत व्हय, कुस्ती लावायला?"

असा सगळा मामला. चांगली पोरं चढावर जायची. आणि वरच्या शाळेतून, तिसरी-चौथीला ज्यांना अक्षर लागत नाही अशी पोरं खाली घरंगळत यायची. तिथले मास्तर आईबापांना गोड शब्दांत सांगायचे, खालच्या शाळेत घाला, तिथल्या बाई चांगल्या आहेत. स्कॉलरशिपच्या निकालाला धक्का नको ना लागायला! मी चिडायचे. बाई त्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायच्या, "आलास? ये. बस."

सुनंदा अशीच आली होती. भाजीवालीची पोर. तीन वर्षं वरच्या शाळेत काढून अक्षरशत्रू. तिच्या हातात पुस्तक दिलं की पुस्तक थरथरायचं. आईच म्हणाली, "हिच्यात काय न्हाय बाई. नुसती बसवून घ्या." बाईंनी आठवडाभर तिला काहीच विचारलं नाही. फक्त बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "शैला, हिला वाचायचं भ्या न्हाय. हिला पुस्तकाचं भ्या हाय. बोटांवर पट्ट्या खाल्ल्यात पोरीनं, पुस्तक धरलेल्या बोटांवर. आता पुस्तक आणि पट्टी तिच्या लेखी एकच हाय."

आणि मग पुस्तकं बंद. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बाई मागं पडलेल्या पोरांना घेऊन रस्त्यावर निघायच्या, पाट्या वाचायला. दुकानांच्या पाट्या, सिटी बसच्या पाट्या, दवाखान्याच्या, तालमीच्या. हातात छत्री. ती त्यांच्याकडं बारा महिने असायची, ऊन असो, थंडी असो. छत्रीच्या टोकानं अक्षर दाखवायचं आणि पोरांनी ओरडायचं. कुणी चुकलं तर कुणी हसायचं नाही, हा नियम. रस्त्यावरची माणसं हसायची ती हसायची. पानपट्टीवाला म्हणायचा, "बाई, मोर्चा कुटं चाललाय?" बाई म्हणायच्या, "तुझ्या पाटीवर तंबाखूचा 'बा' चुकलाय. रंग आण आणि नीट कर, माझी पोरं चुकीचं शिकालीत."

एका शनिवारी सुनंदा न्हाव्याच्या दुकानासमोर थांबली. वर बघत राहिली. ओठ हलायला लागले. बाईंनी सगळ्यांना हातानं गप्प केलं. मी तिथं होते, मी बघितलंय. "के... श... क... र्त..." आणि मग एका दमात, मोठ्यांदा, "केशकर्तनालय!" आयुष्यात पहिला वाचलेला शब्द काय, तर केशकर्तनालय! पोरांनी असा गलका केला की आतून न्हावी वस्तरा घेऊनच बाहेर आला आणि त्याच्या मागं अर्ध्या गालावर साबण लावलेलं गिऱ्हाईक. काय झालं, अपघात झाला का? बाई म्हणाल्या, "व्हय, झाला. पोरगी वाचायला लागली. पावणं, तुमी दाढी करून घ्या निवांत. आणि तू रं, ही पाटी कधी काढायची न्हाय, काय?" न्हाव्यानं वस्तऱ्यासकट हात जोडले. सुनंदा दिवसभर तो शब्द म्हणत होती. आमच्या डोक्याला ताप.

शाळा सुटताना आमच्याकडं शेवटचा बाक आधी सुटायचा. बाकी सगळ्या शाळांत पुढचे आधी, आमच्यात उलटं. मी एकदा विचारलं, हे काय खूळ? बाई फळा पुसत होत्या, पुसतच बोलल्या. "मी ह्याच शाळेत शिकलो. बाबा वीटभट्टीवर होते. आमी कुटं बसायचं ते सांगायला लागत न्हवतं, सगळ्यात मागं. सुटताना सगळी गेली की आमी. तवर मास्तर निघून गेलेले असायचे. चार वर्षांत मास्तरांनी माझं तोंड नीट बघितलं न्हाय गं. म्हणून मी मागची आधी सोडतो. माझ्या समोरनं जाऊ देत." एवढंच. पुन्हा कधी त्यांनी हा विषय काढला नाही, मीही काढला नाही.

दरवर्षी निकालानंतर ऑफिसात हेडमास्तरांची सभा व्हायची. शाळावार निकाल मोठ्यांदा वाचायचे. एकदा बाईंचा गुडघा दुखत होता म्हणून मी सोबत गेले. वरच्या शाळेचं नाव आलं, टाळ्या झाल्या. साहेब वाचत वाचत आमच्यापर्यंत आले. "स्कॉलरशिप, शून्य." मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. बाई उठून उभ्या राहिल्या.

"साहेब, वाचता येत न्हवतं आणि आता येतंय, अशी पोरं किती, ह्याचा रकाना हाय का तुमच्याकडं?"

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं कागद चाळून बघितला. "असा रकाना नाही हो बाई."

"मग शून्यच लिवा. बरोबर हाय." आणि खाली बसल्या.

माझा संताप संताप झाला होता. बसस्टॉपवर मी नाही नाही ते बोलले. बाईंनी पिशवीतून शेंगदाणे-गूळ काढला, अर्धा माझ्या हातावर ठेवला. "त्यांचं काय चुकलं? त्यास्नी मोजता येतंय ते मोजत्यात. खा. बस येईल."

तेव्हा हे चालून जात होतं. पण पुढं इंग्रजी शाळा आल्या, त्यांच्या पिवळ्या गाड्या गल्लीच्या तोंडाशी यायला लागल्या, आणि दोन हजार साल गेल्यावर तर पटाचं पार वाटोळं झालं. आम्ही एका दारात गेलो तर घरातली बाई विचारते, "टाय हाय का तुमच्या शाळेत?" कांबळे बाई म्हणाल्या, "टाय न्हाय. पर शेंबूड पुसतो." ती हसली, पोरगं मात्र गाडीतूनच गेलं.

बाई निवृत्त व्हायच्या वर्षी ऑफिसातून निरोप आला. जूनपर्यंत पट भरला नाही तर खालची शाळा वरच्या शाळेत विलीन. विलीन! काय शब्द शोधतात माणसं. बंद म्हणायची लाज वाटते म्हणून विलीन.

बाईंना मी इतकं धावताना कधी बघितलं नव्हतं. मे अखेरीला त्यांची नोकरी संपणार होती, शाळा राहिली काय, गेली काय, त्यांच्या पेन्शनीत फरक पडणार नव्हता. पण उन्हातान्हात छत्री घेऊन गल्ल्या पालथ्या घातल्या. वीटभट्टीवर गेल्या, नदीपलीकडच्या पालांवर गेल्या. "माझं काय न्हाय गं," मला म्हणायच्या. "मी घरात बसंन. पर बाबूचं काय? त्येला कोण घेणार?" बाबू तिसरीतून चौथीत चालला होता. तोतरा. एक वाक्य बोलायला त्याला इतका वेळ लागायचा की ऐकणाऱ्याचाच जीव कासावीस व्हायचा. बाई त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायच्या, मधे शब्द घालायच्या नाहीत. बाबूसारखी आणखी आठ-दहा होती. त्यांच्यासाठी शाळा राहायला हवी होती, बस्स, दुसरं काही नको होतं त्यांना.

आणि घोडं एका पोरावर अडलं. एकच पोर कमी पडत होतं.

त्या संध्याकाळी मी कट्ट्यावर होते. सुनंदा आली. आता ती मोठी बाई झाली होती, गळ्यात मंगळसूत्र, बाजारात स्वतःचा भाजीचा गाळा. बोटाला धरलेली पोरगी. "बाई, ही पूजा. पयलीला घालायची. दुसरीकडं कुटं न्हाय, आपल्याच शाळेत. तुमच्या पायाशी."

माझ्या डोळ्यात पाणी आलं. मनात म्हटलं, झालं! देव आहे. बाईंनी सवयीनं पोरीला समोर बसवलं. शेंगदाण्याची पुडी होती, तिचा कागद सोडवून पोरीपुढं धरला. वर्तमानपत्राचा तुकडा. आणि ती चिमुरडी, शाळेचं तोंड न बघितलेली, घडाघडा वाचायला लागली. कागद उलटा केला, तर मागची जाहिरातही वाचली. वर विचारलं, "आजी, 'त्वरित' म्हंजे काय?"

"कुणी शिकवलं हिला?" बाईंनी विचारलं.

"मीच की. दुसरं कोण? पाट्या दावून," सुनंदा म्हणाली. "त्या न्हाव्याच्या दुकानावरनं जाताना मी अजून मोठ्यांदा वाचतो. नवरा हसतोय."

बाई हसल्या. खूप हसल्या. आणि मग पुडीच्या कागदाची घडी घालत बसल्या. मी त्यांच्याकडं बघत होते आणि मला त्यांचं तोंड वाचता येत होतं, इतकी वर्षं बघत आले होते मी ते तोंड. मनात म्हणत होते, बाई नको. एवढ्या एका वेळेला नको. चहा आणला होता तो तसाच गार झाला.

"वरच्या शाळेत घाल," बाई म्हणाल्या.

सुनंदाचा चेहरा पडला. "का? मी काय वाईट केलं?"

"तू काय करतीस वाईट! तुज्यासाठी माझी शाळा चांगली हुती. हिच्यासाठी न्हाय. ही धावणारी हाय. हिला धावाय लावणारं माणूस पायजे. आमच्याकडं हिला नुसतं थांबाय लागंल, दुसरी पोरं येईपतूर. मी तर ह्या महिन्यात जाणार. वरती पयलीच्या बाई लय भारी हाईत. ऐक माझं."

मला राहवलं नाही. "बाई, अहो एक पोर कमी आहे! एक! तुम्हाला माहीत आहे ना?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. आवाज चढवला नाही. "म्हाईत हाय की. पर हिला विचार जा, शाळा वाचवायला तुजी वर्षं देतीस काय म्हणून. सहा वर्षांच्या पोरीला विचार."

सुनंदा रडत रडत गेली आणि पोरीला वरच्या शाळेत घातली, कारण बाईंचा शब्द तिला मोडवेना. ती गेल्यावर मी विचारलं, "आणि बाबू?"

"बाबूला मी सोता घिऊन जाईन वर. समजावून सांगीन. माणसंच हाईत की ती बी. एकेका पोराचं सांगितल्यावर का न्हाय बघणार?"

बाईंचा खरंच विश्वास होता. शाळाशाळांतला फरक त्यांना इतका कळायचा, आणि हे कळलं नाही.

जूनमध्ये शाळा भरायच्या पहिल्या दिवशी त्या निवृत्त झालेल्या होत्या, तरी आल्या. खालच्या शाळेच्या दाराला कुलूप. पोरं दारात गोळा झालेली. बाईंनी त्यांना हातात हात धरायला लावलं, शेवटी बाबू, त्याचा हात आपल्या हातात, आणि चढ चढून वर नेलं. मीही बरोबर, कारण माझी बदली तिथंच झाली होती. वरच्या हेडमास्तरांनी चहा मागवला. बाई चहा न पिता सांगत बसल्या. "ह्येला पुढं बसवू नका, बावरतंय. हिला दूरचं दिसत न्हाय, चष्म्याचं बघा. आणि ह्यो बाबू. ह्येला उभं करून वाचायला लावू नका पयल्यांदा. लावलं तर वाक्य पुरं हुईपतूर थांबा. मधे कुणी हसलं न्हाय पायजे." हेडमास्तर मान हलवत होते. "व्हय बाई, व्हय. काळजी करू नका." आणि पोरांना मागच्या खोलीत बसवलं. वेगळी तुकडी. जो शिक्षक मोकळा असेल तो जाणार. बहुतेक वेळा कुणीच मोकळं नसायचं.

मला दुसरीचा वर्ग दिला होता. मी हेडमास्तरांशी भांडले, मोठ्यांदा भांडले, इतक्या वर्षांत तेवढं शिकले होते. ते म्हणाले, "बाई, आता पटाची गाडी स्कॉलरशिपवरच चाललीय. ती थांबली तर ही शाळापण विलीन होईल. मग काय करू?" त्यांचंही खोटं नव्हतं.

बाई रोज साडेपाचला फाटकाशी यायच्या. छत्री घेऊन उभ्या. पोरं बाहेर पडायची आणि त्या आपली पोरं शोधायच्या. पहिल्यांदा सगळी दिसली. मग एक पोरगी दिसेना, ती धाकट्या भावाला सांभाळायला घरी बसली. एक वीटभट्टीवर गेला. बाई त्यांच्या घरी जायच्या, आणायच्या, आठवड्यानं ती पुन्हा नसायची. गणपती गेले आणि एका दिवशी कुणीतरी नव्या मास्तरानं बाबूला उभं करून वाचायला लावलं. 'म' वर तो अडकला. वर्ग हसला. मास्तरही हसले म्हणे. दुसऱ्या दिवसापासून बाबू आला नाही. बाई त्याच्या घरी गेल्या, तर तो माळ्यावर चढून बसला, खाली येईना. बाईंनी तासभर खालून हाका मारल्या. त्या दिवशी त्या माझ्या घरी आल्या, चप्पल न काढता तशाच दारात बसल्या.

"शैला, मी प्रत्येकाला बरोबर सांगितलं गं," म्हणाल्या. "एकेका पोराचं बघून, एकेकाचं बरोबर. त्या आजोबांच्या नातवाचं बरोबर. पूजाचं बी बरोबर. आणि बरोबर सांगून सांगून मी माझीच शाळा बंद पाडली. आता बाबूला कुटल्या शाळेत घालू सांग. आख्ख्या कोल्हापुरात एक शाळा सांग."

मला एक नाव सांगता आलं नाही. त्या रडल्या. मीही रडले. दुसरं काय करणार होतो आम्ही?

दिवाळीच्या सुट्टीत बाई गेल्या. मी नाशिकला होते, फोन आला तोवर सगळं आटोपलं होतं. म्हणून माझ्याकडं त्यांचं शेवटचं म्हणून आहे ते सुट्टी लागायच्या दिवशीचं.

पोरं आरडाओरडा करत सुटली होती, सुट्टीच लागलेली ना. पूजा सगळ्यात पुढं. हातात वक्तृत्वाचं बक्षीस, लाल कागदात बांधलेलं. बाईंना बघून धावत आली, त्यांच्या कमरेला मिठी मारली. "आजी, माझा पयला नंबर!" बाई खाली वाकल्या, तिच्या गालावरून हात फिरवला. "शाब्बास. काय बोललीस? म्हणून दाखव बघू." पूजा तिथंच रस्त्यात ठसक्यात भाषण करायला लागली. बाई ऐकत होत्या, मान डोलवत होत्या, पण डोळे तिच्या डोक्यावरून फाटकाकडं लागलेले. पोरगी गेली. मास्तर गेले. मी पर्स घेऊन बाहेर आले, बाईंच्या शेजारी उभी राहिले. आत मैदान रिकामं.

मागच्या खोलीला सकाळपासून कुलूप होतं. मला माहीत होतं. त्यांनाही माहीत असणार.

शिपाईमामा साखळी घेऊन आला. "संपली की बाई पोरं. लावू का फाटक?"

बाईंनी छत्री आडवी धरली, फाटकाच्या दोन्ही दारांच्या मधे.

"थांब की जरा," म्हणाल्या. "हितं शेवटच्या बाकाची शेवटी सुटत्यात."